बादलीतलं जेड: पावणेतीन वर्षांचा हिशेब

आमच्या मागच्या गल्लीतली तीन मजली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हाची गोष्ट. ३१ मे २०२२ पर्यंत सगळ्यांनी घरं रिकामी करायची होती. तळमजल्यावर एक आजी राहायच्या. भाजी आणायला जाता-येता त्यांच्या अंगणाच्या फाटकाशी पाच मिनिटं थांबायची मला सवय होती. २८ मेच्या शनिवारी त्यांनी हाक मारून आत बोलावलं आणि कोपऱ्यातल्या रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत वाढलेल्या झाडाकडे बोट दाखवलं. "अगं, हे जेड घेऊन जा. तिकडे भाड्याच्या घरात ना अंगण ना गॅलरी. इथं राहिलं तर पहिल्याच दिवशी राडारोड्यात जाईल."

मी हो म्हणून बसले. बादली उचलायला दोन माणसं लागली, रिक्षावाल्याने दोन मिनिटांच्या अंतराचे ऐंशी रुपये घेतले. घरी आल्यावर टेपने मोजलं. उंची ९६ सेंटिमीटर, बुंध्याचा घेर मातीलगत २१ सेंटिमीटर. बादलीची तारेची कडी कधीतरी वर उचललेली राहिली होती. झाड तिच्यावर रेललं आणि वाढता वाढता बुंधा कडीभोवती फुगत गेला. तार बुंध्यात रुतून बसली होती. ती पक्कडीने कापून काढावी लागली, तिच्या जागी एक आडवी खोल खाच राहिली.

बोन्साय मी तोवर पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनातच पाहिलं होतं. दोरीच्या पलीकडून, गर्दीत ढकलत ढकलत. ते आपण करू शकू असं कधी वाटलं नव्हतं. पण ९६ सेंटिमीटरचं झाड आमच्या गॅलरीत तसंही मावणार नव्हतं. छाटायचंच आहे तर नीट शिकून छाटू, असं ठरवलं. पुढे जे जे झालं ते तारखांसकट लिहिते आहे, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत कुणी असं सलग लिहिलेलं मला सापडलं नाही.

पहिला प्रश्न नावाचा. आपल्याकडच्या रोपवाटिकांमध्ये 'जेड' म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक क्रासुला ओवाटा. तिची पानं मोठी, जाड, लंबगोल आणि चकचकीत, खोड करडं. दुसरी पोर्टुलाकारिया आफ्रा. तिची पानं नखाएवढी गोल, कोवळ्या फांद्या तांबूस-तपकिरी. दोन्ही मूळच्या दक्षिण आफ्रिकेकडच्या, दोन्ही पानांत आणि खोडात पाणी साठवणाऱ्या, पण कुळं वेगळी. माझं झाड दुसरं निघालं. बोन्सायसाठी हे चांगलं, कारण पान मुळातच लहान असतं आणि छाटल्यावर फुटवे पटापट येतात. दक्षिण आफ्रिकेत याला स्पेकबूम म्हणतात. हत्ती हे आवडीने खातात. मीही एक पान चावून पाहिलं आणि लगेच घोळाची भाजी आठवली, तीच आंबट चव. पुढे वाचताना कळलं की घोळाचं शास्त्रीय नाव पोर्टुलाका, आणि या झाडाला नाव दिलं गेलं ते त्या साम्यावरूनच. (ओळख पक्की नसेल तर चावून पाहू नका. क्रासुला खाण्याची नाही आणि कुत्र्या-मांजरांनाही ती बाधते.)

चवीची आणखी एक गंमत उन्हाळ्यात कळली. पाणी तोडलेलं असताना सकाळी सहाला तोडलेलं पान संध्याकाळच्या पानापेक्षा जास्त आंबट लागतं. पाण्याची टंचाई जाणवली की हे झाड दिवसा पर्णरंध्रं मिटून घेतं, रात्री उघडतं, आणि रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं. दिवसभरात ते आम्ल वापरलं जातं. हे जिभेवर कळल्यापासून माझी पाणी घालायची पद्धतच बदलली. झाड कोरडं पडलं की धीर सुटून मी झारी उचलायची. कोरडेपणात त्याचं काम थांबत नाही, फक्त वेगळ्या पाळीत चालतं, हे तेव्हा पटलं.

पण ही अक्कल येण्याआधी पावसाळा आला. बादलीत बागेतली काळी माती ठासून भरलेली, तळाला भोक नाही, एक तडा तेवढा. जुलै २०२२ मध्ये मी ती गॅलरीच्या कठड्याशी उघड्यावर ठेवली होती, पाऊस अंगावर घेत. २० जुलैच्या सुमारास खालची एक फांदी हाताला मऊ लागली, दोन दिवसांत तपकिरी झाली आणि कुजलेल्या काकडीसारखा वास यायला लागला. कापत गेले. आतला भाग स्वच्छ फिकट हिरवा दिसेपर्यंत कापावं लागतं, मध्ये तपकिरी ठिपका राहिला तर कूज पुढे सरकते. ती फांदी मुळापासून गेली. बादली आत आणली, पंखा लावला आणि पंधरा दिवस पाण्याचा थेंब दिला नाही. त्या पंधरा दिवसांत मी रोज रात्री उठून बुंधा दाबून बघत होते.

त्याच सुमारास सोसायटीची सूचना फलकावर लागली. कठड्यावर व गॅलरीच्या बाहेर कुंड्या ठेवण्यास सक्त मनाई, पाणी खाली गळते अशी तक्रार आहे, वगैरे. माझी बादली कठड्याला लागूनच होती, आणि खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर तिचं पाणी गळलंही होतं. मी आधी खाली जाऊन त्यांची माफी मागितली. मग मा. सचिवांच्या नावे अर्ज लिहिला. गच्चीच्या एका कोपऱ्यात चार बाय दोन फुटांची जागा मिळावी, किंवा ते शक्य नसल्यास गॅलरीच्या आत लोखंडी स्टँड ठेवण्याची परवानगी मिळावी. कार्यकारिणीची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असते. ऑगस्टची बैठक गणसंख्येअभावी झाली नाही. सप्टेंबरच्या बैठकीत अर्ज वाचला गेला आणि स्टँडचं मोजमाप व अंदाजे वजन लेखी द्या असं उत्तर आलं. ऑक्टोबरच्या बैठकीत निर्णय झाला. गच्ची नाही, कारण वॉटरप्रूफिंगची हमी रद्द होते. गॅलरीच्या आत परवानगी, तीन अटींवर: प्रत्येक कुंडीखाली ताट, एकूण वजन चाळीस किलोच्या आत, आणि साध्या कागदावर हमीपत्र. कुणाला असा अर्ज करायचा असेल तर पहिल्याच अर्जाला मोजमाप, वजन आणि जागेचा फोटो जोडा. तसं केलं असतं तर माझा एक महिना वाचला असता. स्टँड फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला, १,९०० रुपये.

वजनाच्या अटीमुळे बादली जाणं भागच होतं. १६ ऑक्टोबर २०२२, रविवार. पाऊस परतलेला, हवा कोरडी होत चाललेली, आणि दहा दिवस आधीपासून पाणी बंद. बादली उभी कापली. मातीचा गोळा विटेसारखा घट्ट. लाकडी चमच्याने आणि जुन्या टूथब्रशने माती उकरायला तीन तास लागले. मुळं अपेक्षेपेक्षा बारीक आणि कमी निघाली, निम्मी मेलेली. मेलेली सगळी काढली, जिवंतांपैकी खाली सरळ जाणारी जाड मुळं आखूड केली, बाजूला पसरणारी ठेवली. झाड आता घमेल्यात जाणार होतं. त्याला तळाशी ड्रिलने बारा भोकं पाडली, वर जाळी टाकली.

मातीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सगळं तिच्यावर अवलंबून आहे. दोन भाग विटांचे तुकडे, एक भाग पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे), एक भाग गांडूळखत. विटा बांधकामावरून फुकट मिळाल्या. गोणपाटात घालून हातोडीने फोडल्या आणि दोन चाळण्यांतून काढल्या. मोठ्या चाळणीत अडकलेले तुकडे परत फोडायचे, बारीक चाळणीतून खाली पडलेली भुकटी टाकून द्यायची. ही भुकटी ठेवली तर सगळा फायदा जातो, ती ओली झाली की चिखल होऊन भोकं बुजवते. तीन ते पाच मिलिमीटरचे तुकडे राहिले पाहिजेत. या कामात दोन दुपारी गेल्या. तोंडाला रुमाल बांधा, मी पहिल्या दिवशी बांधला नव्हता आणि चार दिवस खोकत होते. तयार मिश्रणावर पाणी ओतलं की ते पाच सेकंदांत खालून बाहेर आलं पाहिजे.

नव्या मातीत लावल्यावर दहा दिवस पाणी नाही. वड, पिंपळ किंवा चिंचेचं बोन्साय करणारे कुंडी बदलली की भरपूर पाणी देतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. इथे उलटं. कापलेल्या मुळांची तोंडं सुकल्याशिवाय ओल लागली तर ती कुजतात. दिवाळीत पानं सुरकुतली, लोंबली, काही गळाली. घरात सगळ्यांनी विचारलं, झाड मेलं का. २६ ऑक्टोबरला पहिलं पाणी दिलं आणि चार दिवसांत पानं परत टरारली.

जानेवारी २०२३ मध्ये एका दिवसाच्या कार्यशाळेला गेले. फी १,५०० रुपये, जेवणासह. शिकवणाऱ्या बाईंना मोबाइलवर झाडाचे फोटो दाखवले. माझ्या डोक्यात वडाचा आकार होता, पसरलेला, पारंब्यांचा. त्यांनी फोटो मोठा करून बुंध्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "वर काय आहे ते विसरा. मातीपासून वीतभर बघा. याला वड व्हायचं नाही." मग त्यांनी गोरखचिंचेचं नाव घेतलं. लहानपणी राणीच्या बागेत आम्ही भावंडं हात धरून गोरखचिंचेच्या बुंध्याभोवती रिंगण करायचो. फुगलेला, पिंपासारखा बुंधा आणि वर आखूड फांद्या. गोरखचिंच मूळची आफ्रिकेची आणि माझं झाडही. बोन्सायमध्ये या आकाराला बाओबाब शैली म्हणतात आणि तीही दक्षिण आफ्रिकेतच रूढ झाली. घरी परतताना बसमध्ये मी वहीत पहिलं चित्र काढलं: वीतभर बुंधा, वर पाच फांद्या.

म्हणजे ९६ सेंटिमीटरमधले जवळजवळ सत्तर कापायचे.

फेब्रुवारी पूर्ण मी टाळाटाळीत घालवला. एकदा पेन्सिलने खूण केली, पुसली, परत केली. थंडीत छाटू नये हे खरं कारण होतं, कारण तेव्हा वाढ मंद असते आणि फुटवे येत नाहीत. पण मला भीतीही वाटत होती. अखेर ५ मार्च २०२३ ला, आठ दिवस पाणी तोडल्यानंतर, सकाळी नऊ वाजता कापलं. हॅक्सॉचं नवं पातं, ४० रुपये, स्पिरिटने पुसून घेतलेलं. लाकूड कापल्यासारखं वाटतच नाही, सुरण कापल्यासारखं वाटतं. पातं आत गेलं की पाणी पाझरतं. मी २४ सेंटिमीटरवर कापलं, पण पेराच्या दोन सेंटिमीटर वर. हे महत्त्वाचं आहे. या झाडाच्या खोडावर पेरांच्या बारीक कड्या दिसतात. कुठेही कापा, खोड मागे सुकत सुकत खालच्या पेरापर्यंत येतं आणि तिथे थांबतं. पेराला चिकटून कापलं तर ते पेर गमावण्याची भीती असते. दोन सेंटिमीटरचा खुंट सोडला तर तो सुकून महिन्या-दोन महिन्यांत हाताने निघून येतो. कापलेल्या जागेला हळद, दालचिनी, मेण असं बरंच काही लावायला सांगतात. मी काहीच लावलं नाही, सावलीत उघडी सोडली. तिसऱ्या दिवशी वर पातळ कोरडी साल धरली.

फांद्यांचे अकरा तुकडे निघाले. ते वर्तमानपत्रावर सावलीत आठवडाभर सुकवले आणि मग कोरड्या मातीत खोचले. त्यातले नऊ लागले.

उरलेल्या ठोकळ्याचा फोटो मी आजींना व्हॉट्सॲपवर पाठवला. खूप काळजीने, उत्साहाने, सोबत चार ओळी लिहून. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी एवढंच आलं: "याचं काय केलंस गं." मी फोन केला, त्यांनी दुसरंच बोलून ठेवून दिला. त्या तीन आठवड्यांत मला स्वतःचंही पटेनासं झालं होतं. स्टँडवर एक पानही नसलेला हिरवट-तपकिरी दांडका, आणि रोज सकाळी चष्मा लावून मी त्याच्याकडे बघत उभी. पाणी द्यावं तर शोषायला पानं नाहीत, न द्यावं तर सुकेल अशी भीती. मी बारा दिवस दिलं नाही, नंतर कपभर.

२४ मार्चला, एकोणीस दिवसांनी, वरच्या पेराच्या कडीवर दोन लाल ठिपके दिसले. मोहरीपेक्षा लहान. दुसऱ्या दिवशी खालच्या पेरावर तीन. एप्रिलच्या मध्यापर्यंत डोळे मोजले तेव्हा एकतीस होते. मी लगेच आजींना फोटो पाठवला, बोटाने ठिपके गोल करून. या वेळी उत्तर पाच मिनिटांत आलं, हात जोडलेलं चिन्ह.

यापुढचं काम निवडीचं. एकतीस फुटव्यांतले पाच ठेवायचे, बाकीचे अंगठ्याने खुडायचे. कोवळे असताना खुडले तर व्रण राहत नाही. मी एका दमात केलं नाही, दर रविवारी तीन-चार. मे २०२३ अखेर सहा राहिले, सहाव्याचा निर्णय मला घेता येत नव्हता.

तारेबद्दल मी चूक केली. फांद्या वर उभ्या वाढत होत्या, त्यांना आडवं करायचं होतं. दोन मिलिमीटरची ॲल्युमिनियम तार आणली, १८० रुपये. पहिली फांदी पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी वाकवली आणि ती मुळ्यासारखी कटकन तुटली. सहाव्या फांदीचा निर्णय असा झाला. पाणी भरलेली फांदी ताठ असते. आठवडाभर तहानलेली ठेवली की ती मऊ, लवचीक होते आणि मग हवी तशी वळते. बाकीच्या पाच तशाच वळल्या, सुरेख. पण जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि नऊ आठवडे मी झाडाकडे नीट पाहिलं नाही. पाच-सहा आठवड्यांत काढायची तार तशीच राहिली. ऐन वाढीच्या दिवसांत फांद्या तारेभोवती फुगल्या. तार तुकडे तुकडे करून काढली, पण डाव्या फांदीवर स्क्रूसारखे आटे उमटले ते अजून आहेत. बादलीच्या कडीने बुंध्याला जे केलं होतं तेच मी फांदीला केलं होतं. त्यानंतर मी तार फारशी वापरली नाही. फांदीला सुतळी बांधून ती घमेल्याच्या काठाला ताणून ठेवते. रुंद सुती पट्टी मध्ये घातली की काचत नाही.

आकार खरा येतो तो छाटणीने. या झाडाची पानं समोरासमोर जोडीने येतात, आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला काटकोनात. एक जोडी पूर्व-पश्चिम असली तर पुढची दक्षिण-उत्तर. आडव्या फांदीवर याचा अर्थ असा की एक जोडी डावी-उजवी आणि पुढची वर-खाली. डाव्या-उजव्या जोडीच्या वर सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) कापलं की तिथून दोन फुटवे निघतात, फांदी दुभंगते आणि पसरते. वर-खाली जोडीवर कापलं तर एक आभाळाकडे, एक मातीकडे. हे मला दोन महिने चुकीच्या जागी कापल्यावर कळलं. फांदी चार-पाच जोड्या वाढू द्यायची, बुडाशी जाड होऊ द्यायची, मग पहिल्या योग्य जोडीपर्यंत मागे कापायची. परत वाढू द्यायची. पुण्याच्या हवेत मार्च ते नोव्हेंबर माझ्या चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला पानं थोडी लहान आणि फांदी थोडी गाठाळ.

आणखी एक मर्यादा सांगते. वडाची, फायकसची जखम साल धरून मिटत जाते. इथे तशी सहज मिटत नाही, सुकून आत खोल जाते. आणि ज्युनिपर या सूचिपर्णी झाडासारखं वाळलेलं पांढरं लाकूड दाखवणंही जमत नाही, कारण टिकायला लाकूडच नाही. त्यामुळे मोठा काप कुठे दिसणार हे कापण्याआधीच ठरवावं लागतं. मी मुख्य काप मागे घेतला. कडीची खाचही मला मागेच हवी होती, मला ती कुरूप वाटायची.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले. मिलीबग. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानकोरण्याच्या कापसाने एकेक टिपला, तीन आठवडे, दर चौथ्या दिवशी. मुंग्या चढताना दिसल्या की पानं उलटून बघा, त्या याच किडीच्या मागे येतात.

१० मार्च २०२४ ला झाड घमेल्यातून बोन्सायच्या कुंडीत गेलं. बारा इंची लंबगोल चिनी मातीची कुंडी, झिलई नसलेली, ८५० रुपये. बाजूची मुळं या दीड वर्षात चांगली जाड झाली होती, ती वर उघडी ठेवली. झाड हलू नये म्हणून तळाच्या भोकांतून तार घेऊन बांधलं. परत दहा दिवस कोरडं. कुंडी उथळ असल्याने उन्हाळ्यात चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी लागतं, पावसाळ्यात आडोशाला ठेवून बारा-पंधरा दिवसांनी. तारखांवर जाऊ नका, पान चिमटीत धरा. टणक असेल तर थांबा, रबरासारखं वाकलं तर द्या.

प्रदर्शनाचं खूळ माझं नव्हे, कार्यशाळेच्या बाईंचं. त्यांचा फेब्रुवारी २०२५ मधल्या एका प्रदर्शनाबद्दल निरोप आला. अर्ज ऑनलाइन नव्हता. कार्यालयात सकाळी अकरा ते एक या वेळात मिळायचा. पहिल्यांदा गेले तेव्हा फॉर्म संपले होते. दुसऱ्यांदा भरलेला फॉर्म परत आला, कारण झाडाच्या नावापुढे मी 'जेड' लिहिलं होतं आणि शास्त्रीय नाव हवं होतं. पोर्टुलाकारिया आफ्रा लिहिलं. मग गटाचा प्रश्न. निवडुंग व सक्युलंट (पाणी साठवणाऱ्या वनस्पती) हा एक गट, बोन्साय हा दुसरा. खिडकीवरच्या गृहस्थांनी आत विचारून येऊन सांगितलं की आकार दिलेला असेल तर बोन्साय, बारा इंचांपर्यंतचा उपगट. फी झाडामागे १५० रुपये, आधार कार्डाची प्रत, झाड वर्षभर स्वतःकडे असल्याचं स्वाक्षरीचं निवेदन. एक रकाना वयाचा होता. तो मी कोरा सोडून घरी आले आणि आजींना फोन लावला.

"नातू झाला त्या वर्षी कुणीतरी काडी दिली होती," त्या म्हणाल्या. "तो आता दहावीला आहे." मग जरा थांबून, "कुठे आहे प्रदर्शन?"

७ ते ९ फेब्रुवारी, शुक्रवार ते रविवार. झाडं आदल्या दिवशी पाचच्या आत जमा करायची, रविवारी सात वाजल्याशिवाय न्यायची नाहीत, नुकसानीची जबाबदारी आपली. तीन दिवस मांडवात ऊन नाही, पण या झाडाला त्याने काही होत नाही. गुरुवारी पानं ओल्या फडक्याने पुसली, मातीवर शेवाळ लावायचा मोह टाळला, कारण शेवाळाला जी ओल लागते ती याला चालत नाही. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांच्या कार्डावर पेन्सिलने दोन ओळी होत्या: 'उजवी फांदी जड. समोरची बाजू बदलून पाहा.' मी त्या ओळींचा फोटो काढून ठेवला.

रविवारी चारच्या सुमारास आजी आल्या, नातवाचा हात धरून. रांगेतल्या झाडांवरून त्यांची नजर फिरत होती, माझ्या झाडापाशी थांबली नाही. मी काही बोलणार तेवढ्यात त्या वळल्या, टेबलाच्या कडेने मागच्या बाजूला गेल्या आणि वाकल्या. कडीच्या खाचेत त्यांनी बोट घातलं, पेराएवढं आत गेलं. नातवाला म्हणाल्या, "हे बघ, हे आपलं. ही बादलीची कडी." बाकी वीतभर झाडात त्यांना ओळखीचं काही उरलं नव्हतं.

१६ मार्च २०२५ ला मी उजवी फांदी एका जोडीने मागे कापली आणि झाड कुंडीत फिरवून परत बांधलं. परीक्षकांचं म्हणणं बरोबर होतं, बुंधा या बाजूने अधिक रुंद दिसतो. खाच आता समोर, जरा डावीकडे आली आहे. कापलेले दोन तुकडे वर्तमानपत्रावर सुकत ठेवले आहेत, त्यांतला जाड आजींकडे जाईल. त्यांच्या नव्या इमारतीत गॅलरी आहे, ताबा दसऱ्याला मिळायचा आहे. आज चौथा दिवस, पानं थोडी सुरकुतली आहेत. पाणी पुढच्या बुधवारी.